यल्लव्वाचा रुपया

साखर पेठेतलं मशीन सत्तावीस वर्षांचं.
त्याची कंपनी बुडाली, त्याला ओळखणारे रिटायर झाले,
सुटा भाग हवा तर दुसरं मेलेलं मशीन शोधायचं.
मे महिन्यात पतसंस्थेतला एकुलता टेबलफॅन
त्याच्या पाठीशी,
आम्ही घामात.

अक्कलकोट रोडला नवं आलंय.
काळं, सपाट, हूं की चूं नाही.
गुंडेटी साहेब म्हणाले,
"हिथलं तिथं जसंच्या तसं पायजे. क्षणोक्षणी.
एक पडलं तर दुसरं उभं."
आणि चहाला गेले.

जसंच्या तसं.
जुनं मशीन आकडा लिहितं थोरल्या टोकाकडून,
नवं धाकट्या.
दोघंही बरोबर.
आई विड्या तेलुगूत मोजायची,
मुकादम कन्नडमध्ये मांडायचा,
मजुरी मराठीत कमी यायची.

मंगळवारी रात्री अकराला जोडणी केली.
पहिलं खातं गेलं. दुसरं. तिसरं.
चौथ्यावर माझा हात थांबला.
यल्लव्वा सिद्राम कोनापुरे, विडी कामगार.
इकडे शिल्लक रुपये एक.
तिकडे
एक कोटी सदुसष्ट लाख
सत्त्याहत्तर हजार
दोनशे सोळा.

मी लगेच पुसलं नाही.
चार मिनिटं राहू दिलं.
रिपोर्टमध्ये हे नाही.

मग आप्पांना फोन लावला, रात्रपाळीवर.
मागांचा खडखडाट आधी आला, आप्पा नंतर.
"डाव्या मागाचे पत्ते उजव्यावर चढवले तर?"
"मोर तोंड फिरवतो!" ते ओरडले.
"मग?"
"मग काय? चादर विकली जाती.
मोर कुठं बघतोय, कोण इचारतंय?"

मोराचं चालतं.

दोघांच्या मध्ये एक दुभाषी बसवला,
आकड्याचे चार तुकडे उलटून पलीकडे देणारा.
नावांसाठी आणखी एक,
कारण जुन्या फाँटातला ळ
वाटेतच चौकोन होत होता,
सगळे कोळी, माळी, कांबळे
मधोमध रिकामे.
पहाटे चारला ताळा जुळला.
यल्लव्वा दोन्हीकडे एक रुपयाची.

सोमवारी ती आली. आठवड्याची मजुरी जमा झालेली,
अंगठ्याला तंबाखूचा वास.
"मशीन बदललं म्हनं?"
"नाही मावशी. तुमचा पैसा आता दोन जागी लिहिलाय."
ती जरा थांबली.
"म्हंजे डब्बल?"
"नाही. तोच."
"मग कशाला लिव्हला?"

सांगायला गेले तर मागे रांग.
तिनं आठशे काढले, एक ठेवला,
पासबुक तेंदूच्या पानांजवळ पिशवीत सरकवलं.
अक्कलकोट रोडला हे कळायला
दीड सेकंद लागला.
तेवढा वेळ तिथं
तिच्या नावावर
आठशे एक होते.