चाळीस नाणी

क्लाक्सविकच्या धक्क्यावर बाबांची होडी विकली,
त्याच हिवाळ्यात आम्ही बहीणभाऊ
हा खेळ खेळायला लागलो.

रान्वा तांडेलाच्या हातावर चाळीस नाणी ठेवते.
पडदा काळा होतो.
उजळतो तेव्हा ती पलीकडच्या बंदरात,
मिरी विकून मोकळी.
तिच्या वाटेत समुद्र नसतोच.

मी माझंच गलबत हाकारतो.
शीड फाटतं, वारा पडतो,
सतरा मिनिटं नुसतं पाणी
आणि इकडे चहा गार.

"एवढं काय बघितलंस?"
काही नाही. एक देवमासा. दोनदा, तोच.

काल तिनं नाणी मोजली नाहीत.
माझ्या डेकवर येऊन उभी राहिली, गप्प.
मग म्हणाली, सुकाणू जरा डावीकडे घे,
बाबा घ्यायचे तसं,
खडक दिसायच्या आधी.