टिचभर काळं कापड

अक्कलकोट रोड एमआयडीसी, दुपारचे दोन.
पत्र्याखाली चव्वेचाळीस, पंखा नावाला,
आणि मी स्क्रीनवर एका लोखंडी कपाटाला
दार लावते आहे.
दार कसं उघडेल हे कुणीही काढतं.
आतून लाथ बसल्यावर ते कसं बंद राहील,
ते काढते आहे.

इरण्णा हत्तुरे मागं येऊन उभे राहतात.
उजव्या हाताची तीन बोटं पूर्ण मिटत नाहीत त्यांची,
तरी कुठला बोल्ट ढिला, ते त्या बोटांनाच कळतं.
"दार लागल्याशिवाय ट्रॉली आत सरकूच नये,
असं कर बघ बाई.
माणसाच्या शहाणपणावर सोडू नको.
शहाणपण रात्रपाळीत झोपतं."

त्या टॉवेलच्या कारखान्यात दार उघडं होतं.
एवढंच सांगतात. मग बऱ्याच वेळानं, चहा निवल्यावर:
"आवाज नंतर आला. आधी नुसतं पांढरं.
मग तोंडात तांब्याची चव."
अंगात टेरिकॉटचा शर्ट होता.
सुताच्या गावात राहून टेरिकॉट,
इस्त्री लागत नाही म्हणून.
तो त्यांनी काढला नाही, डॉक्टरांनी काढला.

मालकाचा फोन: मॅडम, वरचा तो धुराडा कापा,
दीड फूट, स्लॅबला लागतोय.
मी म्हटलं, धुराडा नाही, वाट आहे.
आत जाळ झाला तर त्याला वर जायला वाट हवी,
नाही दिली तर तो समोरच्याची वाट लावतो.
मालक हसले नाहीत.
इरण्णा हसले, आणि टेप घेऊन स्लॅब मोजायला गेले.

घरी नायना विचारतात, तुझं ते यंत्र किती चपळ?
कसं सांगू.
तुमच्या मागावर धोटा या टोकाकडून निघतो ना,
तो त्या टोकाला पोचायच्या आत
आमच्या डोळ्यानं उजेड बघितलेला असतो,
ब्रेकरला सांगितलेलं असतं,
आणि ब्रेकरनं हात सोडलेला असतो.
नायना मान हलवतात. "आणि सूत तुटलं तर?"
तर मग दार. तर मग ती वाट.

परगावच्या लॅबमध्ये आम्ही पॅनल मुद्दाम जाळला.
समोर, हातभरापेक्षा जवळ, लोखंडी चौकट,
चौकटीवर सुती कापडाचे तुकडे,
काळे, टिचभर, ओळीनं.
जिथं माणूस उभा राहिला असता तिथं कापड उभं.
ते पेटलं तर माणूस पेटला, असं धरायचं.
जाड भिंतीमागून आम्ही आकडे मोजले.
स्फोट ऐकला नाही, छातीत बसला.

धूर निवळल्यावर बघितलं:
दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरं,
कडेनं खाल्लेलं, अजून धुमसतंय.
इरण्णा त्या तुकड्यासमोर जाऊन उभे राहिले.
बरोबर बरगडीच्या उंचीला.
कुणी काही बोललं नाही.
लॅबवाल्यानं फॉर्मवर एक फुली मारली.

चार महिने. कडीला आणखी दोन खिळी,
दाराच्या कडेला दुमड, वाटेचं झाकण हलकं.
मालकानं शेवटी स्लॅबला भोक पाडलं, कुरकुरत,
खर्च बिलातून कापला.

दुसऱ्या वेळी तुकडे सगळे जागेवर.
काजळी होती. भोक नव्हतं.
मी तेच दुसऱ्या ओळीतलं तिसरं मागून घेतलं,
डायरीत घालून सोलापूरला आणलं,
नायनांच्या हातावर ठेवलं.
वाटलं होतं, विचारतील काय वाचलं, कोण वाचलं.

त्यांनी चष्मा वर सारला,
कापड उजेडाकडं धरलं, अंगठ्यानं ताणलं,
ओठातल्या ओठात तेलुगूत धागे मोजले.
"कुणी विणलंय हे?" म्हणाले,
"आडवा धागा ढिला आहे."