तोल

पोर्तोच्या इस्पितळात, तळघरात,
माझं काम रक्त फिरवायचं.
समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवते,
नाहीतर यंत्र थरथरतं, टेबलावरून चालू लागतं.

अदेलिनो फरशा बसवतो. चाळीस वर्षं
गुडघे टेकलेले, पण कुणापुढे नाही.
दुर्बीण आत गेली तेव्हा पडद्यावर कूर्चा दिसली,
उकडलेल्या माशासारखी, सुटी सुटी.
खरवडून साफ केली. दोन टाके.
मग लिफाफा माझ्याकडे आला.

आत काय लिहिलंय
ते डॉक्टर तेइशेइरांना ठाऊक नाही, अदेलिनोला नाही.
मला आहे.
पंधरा मिनिटांत रक्ताचे थर होतात:
खाली लाल, वर गवती पिवळं,
मधे साय, नखाच्या कडेएवढी.
ती कुणाच्या गुडघ्यात परत जाते,
कुणाच्या नाही.
भरलेल्या सिरिंजला मी चंदेरी कागद गुंडाळते,
रंग दिसू नये म्हणून.

नियमाप्रमाणे आमची भेट व्हायलाच नको होती.
नोव्हेंबरात तो वाट चुकून खाली आला, जिन्यानं,
हातात भाजलेल्या चेस्टनटची पुडी.
"बाई, माझंच रक्त हो! परकं काही नाही.
काल अख्खी न्हाणी गुडघ्यांवर बसून पुरी केली."

पुडी घेतली. गरम होती.
क्रमांक एकशे सात: मिठाचं पाणी.
त्याचं रक्त त्याच दुपारी
जाळायच्या पिशवीत गेलेलं.

चाळीस वर्षं रक्ताचं पाणी केलं या माणसानं,
आणि पाण्यानं शेवटी
छे.
पुढची नळी तोलली. झाकण लावलं.