शेवटचा आकडा

वीज पडली तेव्हा पाऊस नव्हता.
चार थेंब धुळीत उमटले,
आणि ढग आयडाहोकडून आले तसे पुढे निघून गेले.

एका जुन्या फरच्या पोटात
ती अकरा दिवस निजली.
आम्ही तेवढ्यात हकलबेरी तोडल्या,
डार्बीच्या शाळेला रंग दिला.
दुकानात खोकल्याची औषधं
मी जास्तीची मागवली नाहीत.

बाराव्या दिवशी वारा सुटला.
मनोऱ्यावरून लोर्ना हॅडली रेडिओवर बोलली:
अंश दोनशे चौदा, धूर पांढरा.
तासाभराने: धूर काळा.
त्यानंतर तिने अंश सांगितले नाहीत.

इथे आगीचंही बारसं करतात,
जवळच्या ओढ्याचं नाव ठेवतात तिला.
ओढा होता मिटन. म्हणजे लहान मुलाचा हातमोजा.
रात्री चारशे एकर हातमोजा,
सकाळी नऊ हजार.
झाडं जळत नव्हती, फुटत होती
लाह्यांसारखी,
आणि वाऱ्याने सूप धरलेलं.

एल्डन रस्कचे घोडे तीन, ट्रेलरमध्ये जागा दोघांची.
तो बराच वेळ फाटकाशीच काहीतरी बोलत उभा.
मग रंगाचा डबा माझ्या हातात दिला.
"तुझाच नंबर लिही. माझा कुठे लागतो."

आकडे मी अजून मराठीतच मोजते.
चार. शून्य. सहा.
म्हाताऱ्या घोडीच्या कुशीवर निळे, ओले.
नऊला तिची कातडी थरथरली,
शेवटचा तीन ओघळला.
"जा," म्हटलं, तेही मराठीतच.
ती गेली. फाटक आम्ही मागून लावलं,
ती घरी परतू नये म्हणून.
एल्डनने कडी दोनदा तपासली.

सप्टेंबरात कड्यावर पहिला बर्फ पडला, राखेवरच.
एके संध्याकाळी फोन आला, डोंगरापलीकडून,
विझडम नावाच्या गावातून, अनोळखी बाईचा:
माझ्या गवतात एक घोडी उभी आहे,
शेपूट जळालेली, पण खाते आहे.
शेवटचा आकडा वाचता येत नाही,
म्हणून शून्यापासून लावत आले.
एकाने शिवी दिली. एकाने उचलला नाही.
एक बाई रडायलाच लागली,
तिचा कुत्रा सापडलेला नाही.
तू चौथी.

तीन, म्हणाले मी.
काय?
तीन, तीन,
मी म्हणत राहिले,
आणि फोन कानाशी तसाच धरून
अनवाणी एल्डनच्या दाराकडे निघाले.