बावन्न माफ्या

इंजिनाला ओठ दिलेत कुणी परदेशी चित्रकाराने,
पण ते मराठीच्या मापाचे नाहीत.
त्यांच्याकडे क्रियापद लवकर येतं,
आपलं येतं पंगत उठताना,
आणि तोवर इंजिनाचं तोंड मिटलेलं असतं.
'मी डोंगरापलीकडे एकटाच...'
इथे मिटतं ते.
जाईन, गेलो, जाऊ का,
हे मी धुराआड उरकून घेते.

नौपाड्यात, फरसाणच्या दुकानावर,
गादी ठोकलेल्या भिंतींची खोली.
एसी बंद, कारण त्याची घरघर रेकॉर्ड होते.
काचेपलीकडे रुझारिओ,
माझ्या गालात ज्येष्ठमधाची काडी.
मी कुंदा गुप्ते, वय छप्पन्न,
माझ्या गळ्यात सहा वर्षांचं शंटिंग इंजिन.
निळं, ठेंगणं, एक बफर वाकडा.
मूळ नाव कुणाच्या जिभेवर बसेना,
म्हणून चहाच्या सुट्टीत आम्हीच बारसं केलं:
बुटकोबा.

दर भागात तो काहीतरी बघायला जायचा.
एकदा जत्रा, एकदा बर्फ,
एकदा नुसतंच, रूळ कुठे संपतात ते.
डबे यार्डात ताटकळायचे,
मोठी इंजिनं नाकातून वाफ सोडायची,
आणि अठराव्या मिनिटाला
क्रेनबाई वरून वाकायच्या.
'चुकलो, क्रेनबाई. परत नाही जाणार.'
बावन्न भाग, बावन्न माफ्या.
'कुंदाताई, अजून जरा रडवेलं,' रुझारिओ म्हणायचा.
मी द्यायचे. मला कुठे जड होतं?
वागळे इस्टेटीत तेवीस वर्षं टेलिफोनवर बसलेली बाई मी,
'माफ करा, साहेब जागेवर नाहीत,'
साहेब समोर पेपर वाचत असताना.

मग एका संध्याकाळी, खारीगावात, आमच्या जिन्यात
कोथिंबीरवाल्याशी माझी जुंपली, पाच रुपयांवरून.
आवाज चढला,
आणि चढता चढता बारीक झाला.
तळमजल्यावरच्या भोपींचा दर्शील
चपला हातात घेऊन थांबला.
'बुटकोबा?'

कोथिंबीरवाला जिंकला.

मला वाटलं, विचारेल टीव्हीत कशी शिरलीस,
किंवा म्हणेल, शिट्टी मारून दाखव.
तो पायरीवर बसला, गुडघ्यावरची खपली सोलत म्हणाला,
'तू माफी का मागतोस रे?
बघायलाच तर गेलेलास.'

रे. मला.
स्क्रिप्टमध्ये याचं उत्तर नव्हतं.
बावन्न फायली चाळल्या मनात.

मग जिन्यातल्या मिणमिणत्या ट्यूबखाली
हातात कागद नसताना,
कुणाचे ओठ जुळवायचे नसताना
त्रेपन्नावा भाग झाला.
बुटकोबा कळव्याहून निघाला, ऐरोलीकडे वळला,
रूळ नव्हते तिथेही वळला,
दर्शीलच्या आजाची मिठागरं होती त्या बाजूला.
ओहोटी होती. चाकं चिखलात रुतली.
समोर फ्लेमिंगो, एकेका पायावर,
मोजायला गेलं तर मधेच पाय बदलणारे.
त्याने शिट्टी मारली नाही.
काळोख पडल्यावर आला परत, चाकाला शेवाळ घेऊन.

'आणि क्रेनबाई?'
'क्रेनबाई विचारतात, कुठे होतास?'
'मग?'
'मी खाडीवर एकटाच फ्लेमिंगो बघत...'
इथे मी सवयीने तोंड मिटलं.
तो माझ्या ओठांकडे बघत होता.
'बसलेलो,' तो म्हणाला.
पुढे काही जोडलं नाही त्याने.
आतून आईने मांदेलीच्या वासासकट हाक मारली,
तो गेला. एक चप्पल जिन्यातच राहिली.

सोमवारी नव्या पर्वाचा पहिला भाग.
रुझारिओने तीनदा थांबवलं.
माफीत दम नाही, म्हणाला,
घसा बसलाय का, पाणी घ्या.
मी पाणी प्यायले, काडी चघळली,
कानांवर हेडफोन नीट बसवले.
चौथ्यांदाही तसंच आलं.