इतर

सरांनी गृहीतकाखाली लाल रेघ ओढली.
"गृहीतक म्हणजे गृहीत धरणं नव्हे, वनमाला."
मी वहीत तेवढंच उतरवून घेतलं.
कळलं नाही.

विषय: फिरत्या विक्रेत्या महिलांचे वेळनियोजन.
क्षेत्र: जिंतूर तालुका. नमुना: साठ.
(नमुना तर तूच आहेस, म्हणाला भाऊ.)

बोरीच्या स्टँडवर एकोणचाळिसावी, जैबुनबी,
बांगड्यांची पेटी मांडीशी.
प्रश्न अकरा. विश्रांती रोज किती?
दोन तासांहून कमी, दोन ते चार, चारहून जास्त, इतर.
"गाडी हुकली की इसावा."
मावशी, तासांत सांगा ना.
"ते कंडक्टरला इचार, मला काय माहीत."

मी 'इतर'वर खूण केली,
आणि का कोण जाणे, मागचे कागद चाळले.
अडतिसांत सव्वीस जणी 'इतर'.
प्रत्येकीनं काहीतरी सांगितलं होतं.
मी मान डोलावली होती, खूण केली होती,
पुढचा प्रश्न वाचला होता.

पुस्तकात एक स्वतंत्र चल असतो,
एक परतंत्र चल. पाठ आहे मला.
जैबुनबी पेटी डोक्यावर घेत उठली,
"चल, आली गाडी. राहिलेलं गाडीत इचार."

परभणीपर्यंत ती बोलत राहिली.
प्रश्नावली उलटी करून
मी कोऱ्या बाजूला लिहीत राहिले.

सोमवारी सरांनी चष्मा वर केला.
"ही पानभर रेघ कसली?"
सर, तो झरीजवळचा खड्डा.