साडेतीन तारे

खोक्यावर नाव नव्हतं. कुरियरच्या पोराला म्हटलं,
मिक्सरचं भांडं आहे भो.

सावद्यात रात्री अकरालाही अंगाला चटका.
ॲप विचारतं, तुमचं लोकेशन कळू द्यायचं का?
नको रे बाबा,
समोरच चुलत्याचं घर.

मग हिरवी अक्षरं: 'जोडले गेले'.
कुणाशी तरी.

आवाज कूलरखाली झाकला जातो.
वेग आठ आहेत, मला तिसराच पुरला.
चार्जिंग पस्तीस मिनिटं टिकतं,
म्हणजे उरतंच.

त्याच पडद्यावर, शेजारच्या चौकोनात
केळी पिकवायची खोली:
सोळा अंश, दार बंद, माल पिवळा होतोय.

काम चोख करतं, खोटं का बोला.
धुऊन, पुसून, गंजीफ्रॉकात गुंडाळून ठेवलं,
तोवर फोन उजळला:
'कसं वाटलं?'

विचारलं तरी.
अर्धा तारा त्याचा.